वाटी सरकली ती गडावर नव्हे, गुऱ्हाळात

निघायचं ठरलं ते आत्याच्या टोमण्यामुळं. "साऱ्या मुलखाला जातीस, बेळगावचा रस्ता तेवढा ठावं न्हाय व्हय तुला?" असं ती फोनवर म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मी शुक्रवारच्या रजेचा अर्ज टाकला. तीन दिवसांची सहल, वाटेत एखादा गड, मग आत्याच्या हातचं जेवण, पोटभर कुंदा आणि रविवारी रात्री घरी. कागदावर बेत झकास होता.

या ब्लॉगवर नव्यानं आलेल्यांसाठी सांगते. मी साताऱ्यात एका शाळेच्या कार्यालयात काम करते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, आणि सुट्टी मिळाली की सॅक पाठीला लावून एकटीच निघते. पुण्यात माझा मोठा भाऊ आहे. त्याच्या मते चाळिशी गाठलेल्या बाईनं असं हिंडणं बरं नाही. माझ्या मते चाळिशी गाठलेल्या बाईला कुणी विचारत बसू नये. आमचा हा वाद जुना आहे आणि या सहलीत तो भावानं जवळजवळ जिंकला होता.

साताऱ्याहून सकाळची एसटी पकडली. महामार्गाच्या रुंदीकरणामुळं कागलपर्यंत गाडी रडतरखडत जाते, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा आणि उजव्या बाजूची खिडकी घ्या, ऊन कमी लागतं. कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं बदलतात, माणसं मात्र तीच राहतात. शेजारच्या आजोबांनी मला ओल्या शेंगा दिल्या, कंडक्टरशी कन्नडमध्ये हुज्जत घातली आणि परत माझ्याशी मराठीत ऊसदरावर बोलायला लागले. मी निपाणीला उतरले तेव्हा वाऱ्यावर तंबाखूचा वास होता. दोन शिंका आल्या आणि मग सवय झाली.

निपाणीला आतेभाऊ विनू गाडी घेऊन आला होता. विनू बेळगावात वकिली करतो, टिळकवाडीत आत्यासोबत राहतो, आणि कोर्टात बोलून उरलेलं सगळं घरी बोलतो. त्याचं निपाणीतलं काम उरकलं होतं. स्टँडजवळच्या एका खानावळीत आम्ही ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दोघांचं बिल पुण्यातल्या एका थाळीच्या आत बसलं. बोर्ड बघून जाऊ नका, बाहेर ट्रकवाले कुठं उभे आहेत ते बघून जा.

संकेश्वर मागं टाकून हत्तरगीला आलो, की महामार्गालगतच वल्लभगड दिसतो. गड लहान आहे. वाट सोपी आहे, लहान मुलंसुद्धा चढतात. वर खडकात खोदलेली खोल विहीर आहे आणि तटावरून चारी बाजूंना नुसता ऊस दिसतो. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं. मी उड्या मारत चढले आणि उड्या मारत उतरले. विनू धापा टाकत होता, त्याला मी वाटेभर चिडवलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं जे झालं त्याला गडाचा काही दोष नाही.

गड उतरून रस्त्याला लागलो तर उसाच्या फडांमागून धूर दिसला. गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीतला रस रटरटत होता, चुलवाणात चिपाडं जळत होती आणि सगळीकडं गोड, जरा करपट वास भरला होता. मालकांना सगळे आप्पा म्हणत होते. त्यांनी काही न विचारता आम्हाला रसाचे पेले दिले. मी काहिलीचा फोटो घेत उभी होते. मागून आप्पांच्या बायकोनं हाक मारली, "अगं बाई, काकवी घे की." मी वळले. अंग वळलं, पण डावं पाऊल ओलसर चिपाडांत रुतून होतं तिथंच राहिलं.

आवाज मला ऐकू आला नाही, जाणवला. खाली बसले तेव्हा गुडघा वाकलेला होता आणि त्याचा आकार गुडघ्यासारखा नव्हता. पुढं सपाट झालं होतं आणि बाहेरच्या बाजूला टेंगूळ आलं होतं. पायात दुसरंच काहीतरी घातल्यासारखं दिसत होतं. दुखण्यापेक्षा ते बघून मला जास्त भीती वाटली. माझी वाटी, म्हणजे गुडघ्यावरचं ते लहान गोल हाड, जागा सोडून बाजूला गेली होती.

भोवती माणसं जमली. एकाला तेल चोळायचं होतं. दुसरा बाह्या सरसावून म्हणाला की पाय जोरात ओढला की बसतंय जाग्यावर, त्याच्या मेव्हण्याचा खांदा असाच बसवला होता. त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण विनूनं कोर्टातला आवाज काढला. "कुणी हात लावायचा न्हाय. ओढायचं न्हाय, दाबायचं न्हाय." त्यानं अँब्युलन्सला फोन लावला. तोवर मला आडवं करावं म्हणून आप्पांच्या बायकोनं चिपाडांवर पोतं टाकलं आणि नुसती टाच अलगद तळहातावर धरली. मला पाय वाकवून ठेवणं सोसत नव्हतं, म्हणून मीच तो हळूहळू सरळ करत गेले. जवळजवळ सरळ झाला आणि वाटी आपसूक सरकून जागेवर बसली. कळ एकदम अर्धी झाली. मला रडू आलं.

"बसली बघा. आता काय न्हाय, च्या घ्या," आप्पा म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. मी तर विनूला म्हणाले की आता थेट घरी जाऊ. इथं विनूचे उपकार मानायला हवेत. जागेवर बसली म्हणजे आत काही मोडलं नाही असं नसतं, असं म्हणून त्यानं तेवढ्यात आलेल्या अँब्युलन्सवाल्यांनाच विचारलं, आणि त्यांनीही दवाखाना गाठायला सांगितलं. त्यांनी पायाला फळी बांधली आणि बेळगावपर्यंतचा रस्ता मी छताकडं बघत केला. त्या तेवढ्या वेळात गुडघा नारळाएवढा सुजला. या रस्त्यावरच्या निसर्गाबद्दल मला यंदा काही लिहिता येणार नाही.

दवाखान्यातले डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी स्वतःची मूठ आणि दुसऱ्या हाताचा खोलगट तळवा घेऊन मला समजावलं. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खाच असते. पाय वाकवताना आणि सरळ करताना वाटी त्या खाचेतून वर-खाली सरकते. पाऊल जमिनीला रोवलेलं आणि वरचं अंग फिरलं, तर ती खाचेबाहेर पडू शकते, बहुतेक वेळा बाहेरच्याच बाजूला. तेव्हा आतल्या बाजूनं तिला धरून ठेवणारा बंध ताणतो किंवा फाटतो. तरण्या पोरांमध्ये हे जास्त दिसतं, पण वय विचारून काही ती सरकत नाही. हाडाचा टवका उडालाय का हे बघायला एक्स-रे काढला, सूज फार होती म्हणून एमआरआयही केला. टवका नव्हता. पहिलीच वेळ होती, म्हणून ऑपरेशनची गरज नव्हती. वारंवार सरकायला लागली तर तो विचार करू, असं ते म्हणाले.

मग त्यांनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि सांगितलं की सूज उतरेपर्यंत कापडात गुंडाळून बर्फ लावा, पट्टा आणि काठी घेऊन सोसेल तेवढं घरात चाला, आणि झोपल्या झोपल्या मांडी आवळण्याचा व्यायाम आजपासूनच करा. मी मान डोलावली. घरून धावत आलेली आत्याही शेजारी उभी राहून मान डोलवत होती. (हे माझ्या पायाचं सांगते आहे. तुमच्या पायाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

रात्री भावाचा फोन आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला की आता फिरणं पुरे, तिसरा मजलाही पुरे, साताऱ्याची जागा भाड्यानं दे आणि पुण्याला ये. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. फोन ठेवल्यावर मी छताकडं बघत पडले आणि पहिल्यांदाच मनात आलं की तो बरोबर असेल. माझ्या जिन्याला अंधारं वळण आहे. तिथं पाय रोवून अंग फिरवल्याशिवाय वर जाता येत नाही.

आता टिळकवाडीतल्या मुक्कामाबद्दल. या भागात पाहुणा म्हणजे काय असतं ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. पाहुण्यानं स्वतःचं ताट उचललं तर घरच्या बाईला अपमान वाटतो. पाणी मागायच्या आत पाणी येतं. धडधाकट पाहुण्याची ही गत, तर पाय बांधलेल्या भाचीची काय असेल? आत्यानं मला दिवाणावर बसवलं, पायाखाली दोन उशा दिल्या आणि त्यानंतर मी हलले की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "कुठं जायलीस? बस की गं, मी हाय की." ताट दिवाणावर. हात धुवायला तांब्या आणि घमेलं दिवाणावर. संडासला जाताना एका बाजूनं आत्या आणि एका बाजूनं विनू, म्हणजे माझं वजन माझ्या पायावर पडायचंच नाही. मांडी आवळायला लागले तर ती म्हणायची, "दुखंल, राहू दे." बघायला येणारे शेजारी ब्रेड आणि नारळ घेऊन यायचे, आणि अजिबात हलू नका असं बजावून जायचे.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. लहानपणानंतर माझं इतकं कुणी केलं नव्हतं. सकाळी मांडे, दुपारी भाकरी आणि आमटी, संध्याकाळी कॅम्पातल्या बेकरीतली खारी. शिवाय मनात भीती होती, आणि आत्याचं ऐकलं की त्या भीतीकडं बघावं लागत नव्हतं. शाळेतली रजा वाढवून घेतली आणि असे दोन आठवडे गेले.

मग कॅम्पात फिजिओथेरपीला गेलो. कॅम्पातले रस्ते सावलीचे आहेत, जुन्या चर्चच्या भिंती आहेत, सकाळी जवान रांगेत पळताना दिसतात. पाय बरा असेल तर इथं नुसतं चालायला या. एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर शिल्पाताईंची खोली होती. घरी कन्नड बोलणाऱ्या, मराठी सावकाश आणि नीट बोलणाऱ्या. त्यांनी आधी माझ्या दोन्ही मांड्यांना टेप लावली. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक झाली होती, ते नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं. पाय सरळ ठेवून उचला म्हणाल्या. मी उचलायला गेले. पाय उचललाच गेला नाही, नुसता थरथरला.

शिल्पाताईंनी विचारलं की घरात किती चालता, काय काय करता. मी आत्याकडं बघितलं. आत्या अभिमानानं म्हणाली, "काय म्हंता काय म्हंता! खाली पाय टेकू दिला न्हाय मी तिला."

शिल्पाताई तिला काही वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी मांडीच्या पुढच्या, आतल्या बाजूच्या स्नायूवर बोट ठेवलं आणि आत्यालाच समजावलं. वाटीला खाचेत धरून ठेवायचं निम्मं काम हा स्नायू करतो. बंध फाटलाय, तो भरून यायला वेळ लागेल, तोवर सगळा भार याच्यावर. आणि वापरला नाही तर हा फार लवकर वाळतो. वाळला की वाटी पुन्हा सरकायची भीती वाढते. "आराम पाहिजेच," त्या म्हणाल्या, "पण इतका नको आक्का."

आत्यानं माझ्या पायाकडं बघितलं. "म्हंजे मी केलं हे?" तिनं विचारलं. शिल्पाताई म्हणाल्या की कुणीच केलं नाही, आणि वेळही गेलेली नाही.

घरी आल्यावर मला दिवाणाकडं न नेता तिनं स्वयंपाकघरात नेऊन खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. आत्या जरा लचकत चालते. मला कळायला लागल्यापासून ती तशीच चालते, त्यामुळं ती तिची चालच आहे असं मी धरून चालले होते. तिनं लुगडं घोट्याच्या वर ओढलं. घोटा आतल्या बाजूला वाकडा होता.

"खानापूरच्या घरात नवी हुते मी," ती म्हणाली. "भाताची लावणी चालू हुती. बांधावरनं पाय मुरगाळला, मोडलाच म्हण की. सासू म्हणाली, लावणी झाल्यावर निज. लावणी झाली, मग तणाची भांगलण आली. मला कुणी निजू दिलं न्हाय गं. म्हणून ठरविलं हुतं, माझ्या घरात कुणाचा पाय दुखला तर त्याला उठू द्यायचं न्हाय." तिनं घोट्यावरनं हात फिरवला. "ते बी चुकलंच म्हणायचं."

मी खुर्चीतून वाकून तिचा घोटा हातात घेतला. आम्ही दोघी जरा वेळ तशाच बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. "मंजे, लसूण सोलायला ये." मी म्हणाले, आणून दे की इथं. "न्हाय. हितं ये." मी काठी घेतली आणि गेले. दिवाणापासून स्वयंपाकघर काही लांब नाही, पण मला घाम फुटला. आत्या दाराशी उभी होती. दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळले होते. मला धरायला पुढं येऊ नयेत म्हणून तिनं ते गुंडाळलेत, हे मला दिसत होतं.

त्यानंतर तिनं मला जे राबवलं त्याला तोड नाही. तुळशीला पाणी घाल. दूधवाला आलाय, फाटकापर्यंत जा. बिनहाताची खुर्ची घेऊन तिच्यावर हळू बस, हळू ऊठ, हे शिल्पाताईंचं काम आत्यानं देवपूजेइतकं नेमानं करून घेतलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, कुशीवर होऊन उचलायचा, मग ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं. कंबरेचे स्नायूही मजबूत लागतात हे मला तिथं कळलं. हे सगळं कंटाळवाणं असतं आणि त्याचा फोटो काढता येत नाही. पण ज्यांची वाटी कधी सरकली असेल त्यांनी ब्लॉगमधला हाच भाग लक्षात ठेवावा.

आणखी काही आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टा काढला. टिळकवाडीत ज्याला 'दुसरं रेल्वे गेट' म्हणतात तिथपर्यंत आधी चालत गेले, मग गेट ओलांडून पलीकडं. एकदा शिल्पाताईंच्या जिन्यात गुडघ्यानं हुलकावणी दिल्यासारखं झालं आणि मी कठडा धरून तिथंच थिजले. वाटी जागेवरच होती, पण मला वर जाववेना, खाली उतरवेना. शिल्पाताई वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. हात दिला नाही. "निधान, निधान," म्हणाल्या, म्हणजे सावकाश. "भीती वाटणारच. वाटू दे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि वळायचं तेव्हा पाऊलही वळवा, नुसतं अंग नको." मी पाऊल उचलून वळवलं आणि वर गेले. खाली बेकरीत ताजे पाव निघाले होते, परत जाताना दोन घेतले.

डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला तेव्हा भाऊ म्हणाला की मी गाडी घेऊन येतो, थेट पुण्याला जाऊ. मी त्याला सांगितलं की मी एसटीनं साताऱ्याला जाते, आणि तिसऱ्या मजल्यावर चढता आलं नाही तर त्याच दिवशी तुला फोन करते, मग पुण्याला येते. त्यानं ते मान्य केलं.

बेळगाव स्टँडवर आत्या आणि विनू सोडायला आले. इथली रीत अशी की पाहुण्याची पिशवी घरचा माणूस गाडीत नेऊन ठेवतो, पाहुण्यानं हात रिकामा ठेवायचा. पिशवीत कुंद्याचा डबा होता आणि गुळाची एक लहान ढेप. ढेप आप्पांच्या गुऱ्हाळातली, विनूनं वाट वाकडी करून आणलेली. विनूनं सवयीनं पिशवीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे रं," आत्या म्हणाली. "तिची पिशवी तिला घेऊ दे."

मी पिशवी घेतली, चांगला पाय आधी टाकून एसटीत चढले आणि खिडकीशी बसले. आत्या खाली उभी होती. गाडी सुटली तेव्हा ती तिच्या नेहमीच्या चालीनं, लचकत परत निघाली. ही चाल मला आता वेगळी दिसली.

हत्तरगीला वल्लभगड दिसला, त्याच्या अलीकडं धूर दिसला. निपाणीला शिंका आल्या. कोगनोळी गेली, कागल गेलं. गाडीत मी दर थोड्या वेळानं पाय लांब करत होते, तुम्हीही लांबच्या प्रवासात करत जा. या सहलीतून काय हाती लागलं याचा मी विचार करत होते. बेळगावात बघायचं म्हणून ठरवलेलं जवळजवळ सगळं राहिलं. किल्ला राहिला, गोकाकचा धबधबा राहिला. एक वाटी, एक घोटा, आणि एका बाईनं माझ्यासाठी पदरात गुंडाळून धरलेले हात, एवढंच मी नीट पाहिलं.

साताऱ्याला संध्याकाळ झाली होती. माझ्या इमारतीच्या खाली उभं राहून मी वर बघितलं. मग एका हातानं कठडा, दुसऱ्या हातात पिशवी, चांगला पाय आधी. अंधाऱ्या वळणावर थांबले, पाऊल उचललं, वळवलं, टेकवलं, मग अंग वळवलं. मांडी थरथरत होती, पण ती काम करत होती. दाराचं कुलूप काढलं आणि फोन वाजला.

"वर पोचलीस?" आत्यानं विचारलं.

"पोचले."

"कुणी धरलतं?"

"कुणी नाही. मीच आले."

पलीकडं तिनं नाक ओढलं.

"पिशवी कुठं हाय?"

"हातातच आहे अजून."

"मग ठेव ती खाली," आत्या म्हणाली, "आणि आता बस गं निवांत. घटकाभर उठू नगं."

मी पिशवी दारातच ठेवली आणि बसले.